समाधानच्या फोटोवर कंपनीचा हार

"तीन हार टाकी दिनात मी सकायमाच," धुरपदाबाई ओट्याच्या कडेला टेकत म्हणाली. "समाधान माले पोऱ्यासारखाच व्हता वं माय. तठे हात कसाले आखडता घेवाना?"

दिपमाला सुपात तांदूळ निवडत होती. अंगणवाडीत ती मदतनीस होती, आणि पोरांच्या खिचडीत खडा सापडला की आधी तिच्याच नावाने शंख व्हायचा, म्हणून तांदूळ ती घरूनच निवडून न्यायची. तिने मान वर केली. समाधानला, तिच्या नवऱ्याला, जाऊन महिनाही झाला नव्हता. जलदान विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी पांगले, आणि आत स्टुलावर त्याचा फोटो तेवढा राहिला. त्या फोटोवर एकच हार होता, पांढऱ्या शेवंतीचा, तोही वाळून कागदासारखा झालेला.

"कोठे टाकात मावशी?"

"मोबाईलवर, आखो कोठे? आते रोज रोज दारवर कोन येस माय? गुडघा दुखतस. हाई बरं शे, घरबसल्या बठ्ठं व्हई जास."

दारावर येणं म्हणजे काय, ते खान्देशात कोणाला सांगावं लागत नाही. माणूस गेलं की भावकीने, शेजाऱ्याने, ज्याच्या शेतात त्याने घाम गाळला त्याने त्या घरच्या दारावर यायचं, सतरंजीवर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं. बोललं नाही तरी चालतं. न येणं मात्र चालत नाही. समाधानच्या दारावर बौद्धवाडा आला, सोयरे आले. वरल्या गल्लीतून कोणी फिरकलं नाही. जन्मभर त्यांच्याच कपाशीवर फवारणी करत फिरलेल्या माणसाच्या दाराशी यायला त्यांना वाट सापडली नाही.

"दखाडा बरं माले," दिपमाला म्हणाली.

धुरपदाबाईने नातवाचा मोबाईल पदराच्या गाठीतून काढला. ‘गावशीव’ हे ॲप आता बोरझिरी गावात घरोघरी होतं. कपाशीचा भाव, केळीचा भाव, कोणाची म्हैस विकायची आहे, कोण वारलं, सगळं त्यावरच कळायचं. समाधानची बातमी त्याच्या धाकट्या भावाने, रविंद्रने, तिथेच टाकली होती. खाली फूल होतं, दिवा होता, मेणबत्ती होती. त्यांना पैसे पडत. हार तेवढा फुकट होता, आणि तो वाहणाऱ्यांत वरल्या गल्लीतलीच नावं जास्त होती.

धुरपदाबाईने अंगठा टेकवला. वरून झेंडूचा लठ्ठ हार अलगद उतरला आणि समाधानच्या गळ्यात पडला. हाराच्या मधोमध, पदक असावं तसं, एक हिरवं पान, आणि पानात जोडलेले दोन हात. खाली लगेच अक्षरं उमटली: ‘आपण वाहिलेल्या हाराबद्दल आम्ही आभारी आहोत. शोकाकुल बैसाणे परिवार. सुपीकराज, मातीशी इमान.’

दिपमालाच्या हातातलं सूप कलंडलं.

ते पान तिने पाहिलं होतं. समाधानला रिक्षात घालून शिंदखेड्याला आणि तिथून धुळ्याला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कोणतं औषध मारत होता? बाटली आणा." ती बाटली आणायला ती परत गेली होती. ज्यांच्या शेतात तो फवारत होता त्या धनसिंग आबांच्या बांधावरून उचललेली ‘झडप’ या कीडनाशकाची रिकामी बाटली पिशवीत घालून, एसटीत मांडीवर धरून तिने नेली. सबंध वाटेत ते हिरवं पान तिच्याकडे हात जोडून बघत होतं. ती पोचली तेव्हा समाधानला माणूस ओळखू येत नव्हता.

"काय व्हयनं वं?" धुरपदाबाईने विचारलं.

"काही नई मावशी. तुम्ही आते घर जा."

समाधान फवारणीवाला होता. एवढंच त्याचं काम आणि एवढीच त्याची ओळख. स्वतःचा बिघाभर तुकडाही नाही. पाठीवर पंप, तोंडाला बायकोच्या जुन्या साडीचा फडका, आणि आषाढापासून दिवाळीपर्यंत दुसऱ्याची कपाशी. वाऱ्याकडे पाठ करून चालायचा, एक झाड सुटू द्यायचा नाही, म्हणून लोक त्यालाच बोलवत. संध्याकाळी घरी आला की आधी विहिरीवर जाऊन अंग धुवायचा आणि मगच पोरीला उचलायचा. त्या दिवशी वारा नव्हता. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, आणि औषध नवीन होतं. फवारा वर जायचा आणि तिथेच लोंबकळत राहायचा. दुपारी तो बांधावर येऊन बसला आणि आबांच्या सालदाराला म्हणाला, "माले दोन-दोन दखाई राह्यनं." त्यानंतर तो धड असं काही बोललाच नाही.

दिपमालाने पोलिसांत अर्ज दिला होता. चौकशी चालू होती. चालू होती म्हणजे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होता. कंपनीने आपलं म्हणणं तत्परतेने देऊन टाकलं होतं: वापरणाऱ्याने हातमोजे घातले नाहीत, मुखपट्टी लावली नाही, चूक वापरणाऱ्याची. गावात त्या कंपनीच्या नावाच्या टोप्या वाटल्या होत्या, छत्र्या वाटल्या होत्या, पोळ्याला बैलांच्या झुली वाटल्या होत्या. हातमोजे कोणी वाटले नव्हते.

आणि आता हार.

ती आत गेली. सासू, भिकुबाई, फोटोसमोर मांडी घालून बसली होती. मांडीवर रविंद्रचा मोबाईल. म्हातारी रोज सकाळी अंघोळ करायची, ओल्या लुगड्यानेच बसायची, रविंद्रकडून समाधानची बातमी उघडून घ्यायची आणि अंगठा टेकवायची. हार पडला की हात जोडायची. त्याशिवाय चहाचा घोट घ्यायची नाही. "मना पोऱ्याले रोज ताजा हार," असं वाड्यात सांगायची. एवढंच तिला उरलं होतं. दिपमाला दारात थबकली. सांगावं की न सांगावं? पण न सांगता राहिलं, तर उद्या सकाळी म्हातारी पुन्हा तेच करणार.

"माय," ती जवळ बसून म्हणाली, "तो हार नका टाकू."

"कसाले वं?"

"तो त्यास्नाच शे. ज्यास्ना औषधमुये यास्ना जीव गया, त्यास्ना. ते पान दखा. बाटलीवर तेच व्हतं."

भिकुबाईने फोन डोळ्यांजवळ नेला. पान निरखलं. मग तो जमिनीवर पालथा ठेवला.

"म्हंजे मी रोज उठीसन..." ती म्हणाली. ती उठून मोरीत गेली. चुलीतली राख घेतली आणि अंगठा घासायला लागली. दिपमालाने हात धरून थांबवलं तेव्हा अंगठ्याचं कातडं सोललं होतं.

रविंद्र चाळीसगावला मोबाईलच्या दुकानात कामाला होता, दुखवट्यासाठी राहिला होता. तो बाहेरून आला, तशी दिपमालाने त्याला उंबऱ्यातच गाठलं.

"ती पोस्ट काढी टाक."

"निंघत नई वहिनी. मी दखं ना. पोस्ट मी टाकी, पन आते ती मना हातमा नई राह्यनी. कंपनीनी धरी ली."

"कंपनीनी धरी ली म्हंजे? मरेल मानूस काय पोळाना बैल शे, कोन्ही बी झूल टाकाले?"

रविंद्रने ‘गावशीव’च्या जळगावच्या कचेरीत फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे कोणी सपना नावाची मुलगी होती. आवाज गोड, शिकवलेला.

"सर, ही श्रद्धांजली प्रायोजित झालेली आहे. मोहीम संपेपर्यंत ती काढता येत नाही."

"मॅडम, मी त्यांची बायको बोलते," दिपमाला म्हणाली. "हार तरी काढा."

"ताई, हार ही गिफ्ट आहे. दिलेली गिफ्ट परत होत नाही."

"मी घेतलीच नाही."

"ताई, पहिल्या दिवशी पोस्ट टाकताना अटी मान्य केलेल्या आहेत."

दिपमालाने रविंद्रकडे पाहिलं. रविंद्रने जमिनीकडे पाहिलं. भाऊ सरणावर असताना, पावसात भिजत त्याने खालचं ‘मान्य’ दाबलं होतं. त्या वेळी त्याच्यापुढे कोणी फाशीचा कागद ठेवला असता, तरी त्याने त्यावरही अंगठा दाबला असता. अशा वेळी माणसाचं बोट कुठे पडतं, ते त्या लोकांना नेमकं ठाऊक असतं. म्हणून तर तो चौकोन ते तिथे ठेवतात.

"मॅडम, एक सांगा. ते खाली ‘आम्ही आभारी आहोत’ लिहून येतं, ते कोण लिहितं?"

"ते आपोआप जातं ताई, तुमच्या वतीने. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"मला होऊ द्या त्रास," दिपमाला म्हणाली. "आभार बंद करा."

मुलीने तक्रार लिहून घेतली. मग म्हणाली, "मी तुमची तक्रार पुढे पाठवते." तिच्या आवाजातली शिकवण तेवढ्यापुरती सुटली होती, पण हातात तिच्याही काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचा माणूस आला. योगराज नाव, धुळ्याचा. अंगात हिरवा टी-शर्ट, छातीवर तेच पान. फोटोला त्याने बूट काढून नमस्कार केला. मग अंगणात तिकाटणं उभं करून त्यावर मोबाईल बसवायला लागला.

"वहिनी, आनंदाची..." तो अडखळला. "म्हणजे चांगली बातमी आहे. तुमच्या पोस्टला तालुक्यात सगळ्यात जास्त प्रतिसाद आहे. आमची योजना आहे, ज्या गावाचे हार सर्वात जास्त, त्या गावाला कंपनीतर्फे स्मशानशेड. तुमचं गाव जिंकल्यात जमा आहे. फक्त कुटुंबाचे दोन शब्द लागतात. साधे. ‘सुपीकराज परिवाराने आमच्या दुःखात साथ दिली, आम्ही आभारी आहोत.’ बस. रडू आलं तरी चालेल, थांबायचं नाही."

दिपमालाला कोडं सुटलं. धुरपदाबाई बिचारी मायेने अंगठा टेकवत होती. पण वरल्या गल्लीला समाधानचा एवढा उमाळा का आला होता, ते आता कळलं. पारावर बसून, चहा पिता पिता, बस येईपर्यंत पोरंटोरं त्याच्या गळ्यात हार टाकत होती. तो जिवंत असताना त्यांच्या ओट्यावर पाणी मागायला गेला, तर ओंजळीत वरून ओतायचे. आणि त्या प्रत्येक हाराबरोबर टाकणाऱ्याच्या फोनवर ‘झडप’ची जाहिरात झळकत होती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पूर्वीही होते, पण ते निदान अंधारात खायचे.

"तुम्हाला माहीत आहे का, हा माणूस कशानं गेला?" तिने विचारलं.

"पोस्टमध्ये अल्पशा आजाराने असं आहे."

"तुमच्या झडपनं गेला."

योगराजचा हात तिकाटण्यावरच राहिला. त्याला खरोखर ठाऊक नव्हतं. "वहिनी, शपथ, मला कल्पना नाही. पोस्ट आम्ही निवडत नाही. कपाशीच्या पट्ट्यातलं गाव आणि शेतीतला माणूस, एवढं बघून ॲपच निवडतं. तक्रारीचं खातं वेगळं. माझं जाहिरातीचं."

"मग आता कळलं ना?"

तो खाली बसला. कपाळावरचा घाम पुसला. त्याला लाज वाटली, हे दिपमालाला दिसलं. पण नोकरी लाजेपेक्षा चपळ असते. थोड्या वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, "उलट बघा ना वहिनी. असं असेल तर तुम्ही दोन शब्द बोललेले आणखी बरं. वरचे लोक खुश होतील. तुमचं ते प्रकरण सामोपचाराने मिटेल. मी स्वतः बोलतो."

"रविंद्र," दिपमाला म्हणाली, "साहेबांचे बूट त्यांना दे."

"वहिनी, राग नका मानू."

"मी कुठे रागावले? राग आला असता तर बूट तुमच्या हातात दिले नसते."

त्याने निमूट तिकाटणं मिटलं. गाडी वाड्याच्या तोंडाशी जाते न जाते, तोच रविंद्रचा फोन वाजला. धनसिंग आबा. गावचे माजी सरपंच, ज्यांच्या कपाशीत समाधान पडला तेच. रविंद्रने न विचारताच स्पीकर चालू केला.

"रविंद्र, तुन्ही वहिनीनी त्या मानूसले हाकली दिना म्हने? गावना फायदा शे भो. इतला वर्षंमा कोन्ही शेड नई दिनी. सांग तिले, दोन शब्द बोली दे."

दिपमालाने फोन हातात घेतला. "आबा, शेड कोठे व्हनार शे?"

"कोठे म्हंजे? नदीवर. गावना स्मशानमा."

"तठे आम्हना मानूसनं सरन रचाले चाली का?"

पलीकडे बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू आली.

वाड्याच्या स्मशानाची जागा नाल्यापलीकडे होती, बाभळीत. समाधानला तिथे नेलं त्या दिवशी पावसाची झड लागली होती. लाकडं ओली, वर आभाळ फाटलेलं. चार जणांनी चार कोपऱ्यांना मेणकापड धरलं होतं. ते तापून वाकडं व्हायला लागलं की मागे सरत होते, पाऊस सरणावर यायला लागला की पुढे जात होते. रविंद्रच्या मनगटावर अजून फोड होता. त्या माणसाच्या नावावर हे नदीकाठी पत्रे ठोकणार होते, आणि त्या पत्र्याखाली त्याच्या पोरीलाही उद्या जागा नव्हती.

"ते मंग दखसूत," आबा शेवटी म्हणाले. "आते त्या गोष्टी कसाले काढतीस?"

"बरं आबा," असं म्हणून तिने फोन बंद केला. पण तो रविंद्रला परत दिला नाही.

"हाराखाली आपल्याले लिव्हता येस का?"

"प्रत्येक हारखाल येस. पन वहिनी, गाव बठ्ठं..."

"कसं लिव्हतस ते दखाड."

ती उंबऱ्यात बसली. अंगणवाडीच्या नोंदी भरून भरून तिला फोनवर लिहायची सवय होती. पहिलं नाव उघडलं. जिथे ‘आम्ही आभारी आहोत’ उमटलं होतं, त्याच्या खाली तिने लिहिलं: ‘धनसिंग आबा, तुमच्या हाराबद्दल आम्ही आभारी नाही. तो ज्या कंपनीचा आहे, तिचं झडप तुमच्या शेतात फवारताना हे गेले. दिपमाला समाधान बैसाणे.’

मग पुढचं नाव. रतिलालभाऊ, आम्ही आभारी नाही. पितांबर नाना, आम्ही आभारी नाही. पार्वता अक्का, आम्ही आभारी नाही. कोणाचा मान तिने कमी केला नाही. आबाला आबा लिहिलं, नानाला नाना, अक्काला अक्का. सरपंचाला लिहिलं, मास्तरांना लिहिलं, ज्यांच्या घरी समाधानची मजुरी बुडाली त्यांनाही लिहिलं. धुरपदाबाईचं नाव आलं तेव्हा तिचा अंगठा अडखळला. मग तिने लिहिलं, ‘मावशी, तुम्ही दारावर आल्या, त्याचे उपकार फिटणार नाहीत. हाराबद्दल मात्र आभारी नाही.’

"वहिनी, पुरे," रविंद्र म्हणाला. "लोके फोन करी राह्यनात माले."

"करू दे. पहिल्यांदाच करी राह्यनात ना?"

मध्येच पाटी आली: ‘तुम्ही फार वेगाने प्रतिसाद देत आहात. थोडं थांबा.’ ती थांबली. भिकुबाईने आतून चहा आणून दिला, तो प्याली. पाटी गेली तशी पुन्हा सुरू झाली. आता खालच्या खाली दुसऱ्या गावचे लोकही लिहायला लागले होते. शिरपूरकडच्या कोणी लिहिलं, आमच्याकडेही एक गेला. चोपड्याकडच्या कोणी विचारलं, ताई, बाटली जपून ठेवली आहे का? तिने उत्तर दिलं, ‘ठेवली आहे.’

ऊन उतरताना वाड्याच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली. धनसिंग आबा उतरले. पांढरी टोपी, पायात चकचकीत चामड्याची पायताणं, हातात फोन. लांबूनच आवाज चढला होता.

"दिपमाला, बंद कर ते. मना नावसंगे जे लिखेल शे ते आधी पुसी टाक. सांगी ठेवस."

ओट्यावर भिकुबाई बसली होती. तिने शब्द ऐकले की नाही, कोण जाणे. तिला एवढंच दिसलं की वरल्या गल्लीतलं माणूस दारावर आलंय. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा. दारावर माणूस आलं की घरच्या बाईने काय करायचं असतं, ते म्हातारीच्या हाडात होतं. तिने पदर तोंडावर ओढला आणि गळा काढला.

"समाधान रे मना... ऊठ ना रे भाऊ... आबा उनात रे तुना दारवर... आबानी हाक मारी का तू हातमानी भाकर टाकीसन पळे रे... आबाना वावरमा गया रे मना पोऱ्या, तठून पायवर नई उना रे..."

आवाज वाड्यावरून गेला. घराघरांतून बाया बाहेर आल्या. काही बोलल्या नाहीत, जागच्या जागी पदर सावरून उभ्या राहिल्या. आबांनी तोंड उघडलं, पण म्हातारीच्या सुराला श्वासाची फट नव्हती. ते मागे वळले असते, पण रडण्याला पाठ दाखवून दारावरून परत जाणारा माणूस आजवर कोणी पाहिला नव्हता, आणि हे सगळ्या बाया बघत होत्या.

दिपमाला उठली. तिने सतरंजी आणून ओट्यावर अंथरली, झटकून सरळ केली.

"बसा आबा."

ते उभेच होते. भिकुबाई आता समाधानचा एकेक हंगाम आळवत होती: कोणत्या साली बोंडअळी आली, कोणत्या साली मावा, कोणत्या रात्री त्याचे डोळे सुजून आले आणि तरी सकाळी पंप घेऊन कोणाच्या वावरात गेला. त्या सगळ्यात वावर एकाचंच होतं.

आबांचा हात डोक्याकडे गेला. टोपी काढली. पायताणं काढली. ते सतरंजीच्या अगदी टोकाला बसले, आणि मान खाली गेली.

दिपमालाने पाण्याचा तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवला, पेला उपडा झाकून. मग ती पुन्हा उंबऱ्यात जाऊन बसली. आबा तांब्याकडे बघत राहिले. त्यांच्या खिशातला फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता.

तिने पुढचं नाव उघडलं.